परदेशात बाळंतपण: आखणी कशी करावी

परदेशात बाळंतपण करायचे ठरले की बहुतेक जोडपी डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख मध्यभागी ठेवतात आणि तिच्या मागेपुढे तिकिटे, रजा, राहण्याची जागा अशी सगळी आखणी करतात. ही पद्धत सोयीची असली तरी धोक्याची आहे, कारण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे शेकडा चार-पाचच असतात आणि जगभरात साधारणपणे दहांतले एक बाळ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच येते. घराजवळच्या रुग्णालयात काही आठवडे आधी कळा सुरू झाल्या तर धावपळ होते आणि निभावून जाते. परक्या देशात मात्र विम्याच्या अटी, व्हिसाची मुदत, विमानप्रवासाची मर्यादा आणि बाळाचे कागदपत्र हे सारे एकाच वेळी अंगावर येते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावावी: बाळ सहा आठवडे आधी आले, तर केलेली व्यवस्था टिकेल का?

आधी कारण स्पष्ट करा

नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराचे वास्तव्य यांमुळे जे आधीच परदेशात राहत आहेत, त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा असतो, कारण त्यांच्याकडे वास्तव्याचा हक्क, स्थानिक पत्ता आणि बहुधा विमा असतो. विशिष्ट आजारासाठी किंवा गर्भातील दोषावर तातडीने उपचार करता यावेत म्हणून एखाद्या केंद्राजवळ जाणाऱ्यांचे कारणही भक्कम असते. केवळ बाळाला त्या देशाचे नागरिकत्व मिळावे म्हणून शेवटच्या तिमाहीत प्रवास करणे हे मात्र माझ्या मते सर्वांत कमकुवत कारण आहे: त्यात खर्च आणि वैद्यकीय जोखीम आईच्या वाट्याला लगेच येते, आणि अपेक्षित लाभ मिळालाच तर तो फार उशिरा मिळतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत जन्मलेले मूल २१ वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी अर्जच करू शकत नाही. तरीही हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा आहे. फक्त तो कायद्याच्या प्रत्यक्ष मजकुरावर घ्यावा, ऐकीव माहितीवर घेऊ नये.

बाळाचे नागरिकत्व

बाळ कोणत्या देशाचे नागरिक होईल, हे किमान दोन आणि पुष्कळदा तीन कायद्यांवर ठरते: जिथे जन्म होणार त्या देशाचा कायदा, आईच्या देशाचा कायदा आणि वडिलांच्या देशाचा कायदा. जन्म झाला की त्या भूमीचे नागरिकत्व आपोआप मिळते, हा समज एके काळी बऱ्याच देशांपुरता खरा होता, पण आता तसे राहिलेले नाही. ब्रिटनने हा सरसकट हक्क १ जानेवारी १९८३ पासून, ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून, आयर्लंडने २००४ च्या सार्वमतानंतर १ जानेवारी २००५ पासून आणि न्यूझीलंडने १ जानेवारी २००६ पासून बंद केला. या देशांत आता आईवडिलांपैकी एकाचे नागरिकत्व, कायम वास्तव्याचा हक्क किंवा ठरावीक काळाचे वास्तव्य पाहिले जाते. जर्मनीत परदेशी जोडप्याच्या बाळाला जन्मतः नागरिकत्व मिळण्यासाठी एका पालकाचे पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क लागतो. जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. कॅनडा, ब्राझील आणि मेक्सिको यांसारख्या अमेरिका खंडांतील अनेक देशांनी जन्मस्थानाचे तत्त्व कायम ठेवले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर आणि १८९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर उभे आहे. परंतु तात्पुरत्या व्हिसावरील किंवा अवैधपणे राहणाऱ्या पालकांच्या मुलांना ते मिळू नये असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढला आणि त्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले. तेव्हा तिथली आखणी करणाऱ्यांनी गर्भारपणाच्या सुरुवातीला एकदा आणि प्रवासाआधी पुन्हा एकदा अधिकृत स्थिती पाहावी.

दुसरी बाजू पालकांच्या देशाची. रक्ताच्या नात्याने मिळणारे नागरिकत्वही सर्वत्र बिनशर्त नसते. ज्या ब्रिटिश नागरिकाला स्वतःलाच वंशपरंपरेने, म्हणजे परदेशात जन्मून नागरिकत्व मिळालेले आहे, त्याच्या परदेशात जन्मणाऱ्या मुलाला ते सहसा आपोआप मिळत नाही. जगातील सुमारे दोन डझन देशांत आईला वडिलांइतक्या सहजपणे आपले नागरिकत्व मुलाला देता येत नाही. कुवेत, कतार, लेबनॉन आणि जॉर्डन ही त्यांपैकी काही. भारतीय नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, त्यानंतर ती केंद्र सरकारच्या परवानगीनेच होते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. म्हणजे जन्मस्थानाचा पासपोर्ट आधी काढला की हा मार्ग बंद होतो. दोन्ही पर्याय खुले असणाऱ्या जोडप्यांनी कोणता पासपोर्ट घ्यायचा हे बाळंतपणानंतरच्या झोपमोडीच्या दिवसांत न ठरवता आधीच ठरवलेले बरे.

दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत सापडलेले बाळ कोणाचेच नागरिक न ठरण्याची शक्यताही असते. राष्ट्रहीनता कमी करण्यासंबंधीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अन्यथा राष्ट्रहीन ठरणाऱ्या बाळाला जन्मभूमीच्या देशाने नागरिकत्व द्यावयाचे असते, पण हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही आणि जिथे स्वीकारला आहे तिथेही अर्ज, पुरावे आणि प्रतीक्षा टळत नाही. पालकांचे देश दोन वेगळे असतील आणि जन्म तिसऱ्याच देशात होणार असेल, तर तिन्ही देशांच्या नियमांनुसार बाळ काय ठरेल हे एका कागदावर लिहून काढावे. तिन्ही ओळींत नकार येत असेल तर जन्माचे ठिकाण बदलण्याचा विचार करावा.

जन्मस्थान आणि नागरिकत्व यांच्या या गाठीचे एक प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. नेदरलँड्सच्या राजकन्या मार्खरीट यांचा जन्म जानेवारी १९४३ मध्ये निर्वासित अवस्थेत कॅनडातील ओटावा येथे झाला, तेव्हा जन्मस्थानामुळे बाळाला ब्रिटिश प्रजाजनत्व लागू नये आणि ते फक्त डच राहावे म्हणून कॅनडा सरकारने जन्माची जागा तात्पुरती आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर असल्याचे जाहीर केले होते. सामान्य माणसासाठी कोणतेही सरकार अशी सोय करीत नाही, म्हणून आपल्याला नियमांप्रमाणेच चालावे लागते.

नागरिकत्व हे ओझेही ठरू शकते. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहत असले तरी कर आकारते; न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली जन्मलेले आणि पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन यांना लंडनमधील घराच्या विक्रीवर अमेरिकेने कर मागितला होता आणि पुढे त्यांनी ते नागरिकत्व सोडले. काही देशांत मुलाला सक्तीची लष्करी सेवा लागू होते, तर सिंगापूर, चीन आणि भारत यांसारखे देश प्रौढांचे दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीत. आज सोयीचे वाटणारे कागद विसाव्या वर्षी मुलाला काय मागतील, हेही पाहून ठेवावे.

व्हिसा आणि सीमेवरील प्रश्न

गरोदर असणे हा प्रवासाला कायदेशीर अडथळा नाही. खोटे बोलणे मात्र आहे. जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या नियमांनुसार, प्रवासाचा मुख्य उद्देश बाळाला नागरिकत्व मिळवून देणे हा असल्याचे अधिकाऱ्याला वाटले तर पर्यटक व्हिसा नाकारता येतो. हाँगकाँगमध्ये बाहेरून येणाऱ्या गर्भवतींकडे प्रसूतीसाठी रुग्णालयाने नोंदणी केल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ज्यांचे पती हाँगकाँगचे कायम रहिवासी नाहीत अशा चीनच्या मुख्य भूमीवरील स्त्रियांसाठी २०१३ पासून प्रसूतीच्या जागाच ठेवलेल्या नाहीत. पोट दिसू नये म्हणून सैल कपडे घालावेत, असे सल्ले देणारे दलाल असतात. त्यांचे ऐकू नये, कारण उद्देश लपवल्याची नोंद झाली तर ती पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते. रुग्णालयाचे स्वीकृतीपत्र, खर्च भागवण्याच्या क्षमतेचा पुरावा आणि परतीची योजना बरोबर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे. व्हिसाची मुदत अपेक्षित तारखेच्या पुढे किमान तीन महिने असावी. सोबत येणाऱ्या नातेवाइकाच्या व्हिसालाही हेच लागू आहे आणि नेमके तेच विसरले जाते.

पैसा आणि विमा

रुग्णालयाकडून एकच आकडा घेऊन समाधान मानू नये. नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन आणि नवजात अतिदक्षता विभागातील दर दिवसाचा खर्च असे तीन वेगळे अंदाज लेखी मागवावेत, आणि त्यांत भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्त व तपासण्या धरल्या आहेत की नाहीत हे विचारावे. यांपैकी तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कित्येक आठवडे तिथे राहावे लागू शकते, आणि पहिल्या दोन आकड्यांवर बेतलेले अंदाजपत्रक त्या एका आकड्यापुढे कोलमडते. ज्यांना तो खर्च विम्याने किंवा स्वतःच्या बळावर पेलणार नाही, त्यांनी परदेशी बाळंतपणाचा बेत पुन्हा तपासावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

विम्याबाबत तीन गोष्टी पॉलिसीच्या मूळ मजकुरात शोधाव्यात. पहिली म्हणजे प्रतीक्षाकाळ: आंतरराष्ट्रीय आरोग्यविम्यात प्रसूतीच्या लाभासाठी तो बहुधा १० ते १२ महिन्यांचा असतो, म्हणजे दिवस राहण्याआधीच विमा घेतलेला असावा लागतो. दुसरी, प्रवासविमा: तो गर्भारपणातील अचानक उद्भवलेली गुंतागुंत ठरावीक आठवड्यापर्यंत भरून देतो, पण नेहमीची प्रसूती त्यात बसत नाही आणि नवजात बाळ सहसा विमाधारकच मानले जात नाही. तिसरी, बाळाला विम्यात घेण्याची मुदत. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात ती साधारणपणे जन्मापासून ३० दिवसांची असते आणि ती हुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागू शकते.

सार्वजनिक आरोग्यसेवा मोफत असते ती पात्र रहिवाशांना. इंग्लंडमध्ये पात्र नसलेल्या परदेशी रुग्णाला सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. पैसे नाहीत म्हणून प्रसूतीची सेवा नाकारता येत नाही, हे खरे. पण ५०० पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम दोन महिने थकली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. युरोपीय आरोग्यविमा कार्डावर प्रवासात अचानक झालेली प्रसूती चालते, परंतु प्रसूतीसाठीच प्रवास केला असेल तर त्या कार्डाचा उपयोग नसतो आणि आधी वेगळी मंजुरी घ्यावी लागते.

वैद्यकीय कागद आणि प्रवासाची वेळ

नव्या डॉक्टरांना तुमच्याबद्दल काहीही माहीत नसते, आणि कळा सुरू असताना सांगायला तुम्हाला सवड नसते. म्हणून रक्तगट व आरएच घटक, रक्तातील लोहाचे प्रमाण, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सिफिलिसच्या तपासण्या, पहिल्या तिमाहीतील आणि १८ ते २२ आठवड्यांमधील सोनोग्राफीचे अहवाल, २४ ते २८ आठवड्यांमधील साखरेची चाचणी, लसी, चालू औषधे त्यांच्या मूळ रासायनिक नावांसह आणि आधीच्या बाळंतपणांचा तपशील अशी एक फाइल तयार करून तिची प्रत फोनमध्येही ठेवावी. आधी सिझेरियन झाले असेल तर गर्भाशयावरील छेद आडवा होता की उभा, याची नोंद आवर्जून मिळवावी, कारण या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न सुरक्षित आहे का, हे पुष्कळसे त्यावर ठरते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून दिले जाणारे) द्यावयाचे असते; मधल्या काळात देश बदलत असेल तर कोणते इंजेक्शन कुठे घ्यायचे हे आधी ठरवावे.

तपासण्यांच्या पद्धतीही देशागणिक बदलतात. अमेरिकेत ३६ ते ३७ व्या आठवड्यांत ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूसाठी सर्व गर्भवतींची तपासणी होते, ब्रिटनमध्ये ती सर्वांसाठी केली जात नाही. फरक दिसला की एक देश चुकतो आहे असे समजण्याचे कारण नाही, पण आपल्याला काय हवे ते विचारायला माहिती असावी.

विमान कंपन्या साधारणपणे २८ व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात, आणि एकच बाळ असेल तर ३६ व्या, जुळे असेल तर ३२ व्या आठवड्यानंतर प्रवास नाकारतात. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असल्याने तो तिकीट काढण्याआधी वाचावा. ही मर्यादा म्हणजे प्रवासाचा योग्य दिवस नव्हे. ३२ व्या आठवड्याच्या आसपास मुक्कामी पोचून तिथल्या डॉक्टरांची एक तरी भेट झालेली असावी, आणि जुळे, रक्तदाब किंवा आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती असेल तर त्याहूनही आधी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघावे. चार तासांहून लांबच्या उड्डाणात पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो. अधूनमधून चालावे, पाणी प्यावे आणि योग्य मापाचे दाबमोजे घालावेत. उशिरा येणाऱ्या गर्भवतींना सर्वच रुग्णालये घेत नाहीत, तेव्हा फोनवरचे आश्वासन पुरेसे मानू नये. लेखी स्वीकृती मिळाल्यावरच तिकीट काढावे.

प्रसूतीची तिथली रीत

नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये गुंतागुंत नसलेल्या प्रसूतीची जबाबदारी प्रामुख्याने प्रशिक्षित मिडवाइफकडे असते आणि डॉक्टर गरज पडली तरच येतात. ब्राझीलमध्ये निम्म्याहून अधिक प्रसूती सिझेरियनने होतात. ज्या व्यवस्थेत तुम्ही जात आहात तिची नेहमीची वाट कोणती, हे कळले की तुमच्या अपेक्षा त्याहून कुठे वेगळ्या आहेत ते आपोआप दिसते. एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारे पाठीतले भुलीचे इंजेक्शन, रात्रीही मिळते का, प्रसूतिकक्षात सोबत कोणाला थांबता येते, बाळ आईजवळच ठेवतात का, नवजात अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की बाळाला दुसरीकडे हलवावे लागेल, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. स्थानिक भाषा येत नसेल तर दुभाष्याची सोय मागावी. पतीला थोडीफार भाषा येते म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीचे भाषांतर त्याच्यावर सोपवणे योग्य नाही. त्या वेळी तोही घाबरलेलाच असतो.

जन्मानंतरचे कागद आणि परतीचा प्रवास

जन्मनोंदणीची मुदत नेदरलँड्समध्ये तीन दिवस, फ्रान्समध्ये पाच दिवस, जर्मनीत एक आठवडा, जपानमध्ये १४ दिवस आणि इंग्लंडमध्ये ४२ दिवस आहे. तीन दिवसांत बाळाचे नाव ठरवणे आणि पालकांची कागदपत्रे गोळा करणे जवळजवळ अशक्य असल्याने विवाहाचा दाखला, दोघांचे जन्मदाखले आणि त्यांची अधिकृत भाषांतरे निघतानाच बरोबर न्यावीत. ती १९६१ च्या हेग करारानुसार अपॉस्टिल केलेली, म्हणजे परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून आपल्या सरकारने प्रमाणित केलेली असावीत. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश या करारात नसेल तर वकिलातीमार्फत साक्षांकन करून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. आखातातील अनेक देशांत विवाहाच्या दाखल्याशिवाय जन्मनोंदणीत मोठी अडचण येते. अविवाहित जोडप्यांनी पितृत्व मान्य करण्याची प्रक्रिया जन्माआधी करता येते का ते पाहावे. जर्मनी आणि फ्रान्समध्ये ती करता येते.

नाव नोंदवताना पालकांच्या पासपोर्टमधील आडनावाचे अक्षर न् अक्षर तपासावे. ज्यांच्या नावात मध्ये वडिलांचे नाव येते, त्यांनी ते कोणत्या रकान्यात जाईल हे आधीच विचारावे, कारण नंतरची दुरुस्ती दूर देशातून करणे फार जिकिरीचे होते. दाखला पूर्ण स्वरूपाचाच मागावा: इंग्लंडमधील संक्षिप्त दाखल्यावर आईवडिलांची नावे नसतात, त्यामुळे पासपोर्टसाठी तो चालत नाही, आणि अमेरिकेतील रुग्णालये बाळाच्या पावलांचे ठसे असलेला जो सुंदर कागद देतात तो केवळ आठवण म्हणून असतो. पूर्ण दाखल्याच्या तीन-चार अस्सल प्रती घेऊन एकीवर लगेच अपॉस्टिल करून घ्यावे.

यानंतर बाळाचा पासपोर्ट, आणि तिसऱ्या देशात राहत असाल तर तिथला वास्तव्याचा परवाना. पासपोर्टच्या अर्जावर पुष्कळदा दोन्ही पालकांची सही किंवा हजेरी लागते, म्हणून वडिलांनी जन्मानंतर तीन दिवसांत कामावर परतण्याचा बेत आखू नये. बऱ्याच विमान कंपन्या पहिल्या आठवड्यातील बाळाला घेत नाहीत किंवा डॉक्टरांचे पत्र मागतात, आणि सिझेरियननंतर आईलाही काही दिवस थांबावे लागते; पण खरा उशीर कागदपत्रांमुळेच होतो. राहण्याची जागा अपेक्षित तारखेनंतर किमान आठ आठवडे हाती असावी. त्या काळात आईची सहाव्या आठवड्याची तपासणीही तिथेच, प्रसूतीची नोंद असलेल्या डॉक्टरांकडे होऊ शकते. ओळखीची माणसे जवळ नसताना बाळंतपणानंतरचे नैराश्य लवकर लक्षात येत नाही, तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, धास्ती किंवा बाळाविषयी परकेपणा वाटत राहिला तर घरी पोचण्याची वाट न पाहता तिथेच डॉक्टरांना सांगावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी.

निघताना रुग्णालयाचा सविस्तर अहवाल, टाचेतून रक्त घेऊन केलेल्या तपासणीचा निकाल, ऐकण्याच्या चाचणीची नोंद आणि बाळाला दिलेल्या लसींची तारीखवार यादी मागून घ्यावी. अमेरिकेत बीसीजी लस सर्व बाळांना दिली जात नाही, तर क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांत ती जन्मतःच देतात; परतल्यावर बालरोगतज्ज्ञांना उरलेल्या लसींचे वेळापत्रक या यादीवरूनच लावता येते.